कुंपणातले कंदीलपुष्प
गुडघ्यांना चोळण्याच्या रोशा तेलाचा वास आला, की मला पिंपळनेरजवळचा तो माळ आठवतो. पावसाळा सरताना रोशा गवताचा हाच उग्र वास तेथे भरून राही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. त्या माळावर गुरांनी चरून आखूड केलेल्या गवतात मला कंदीलपुष्पाचे एकच रोप सापडले. या फुलाच्या नळीत शिरलेली माशी आतले केस सुकेपर्यंत बाहेर पडू शकत नाही, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. प्रत्यक्ष फूल मात्र प्रथमच पाहत होतो. गुरांनी ते तुडवू नये म्हणून मी भोवती काटेरी तारेचे कुंपण ठोकले. पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा कुंपणाच्या आत गवत छातीला लागत होते. दोन्ही हातांनी ते सारत राहिलो. तळाशी पिवळा पडलेला एक देठ मिळाला, कळी नव्हती. गुरे राखणारी अक्का तारेबाहेर उभी होती. "भाऊ, गायी तुम्ही हाकली दिन्यात," ती म्हणाली, "आते हाई बठ्ठं गवत तुम्ही खाशात का?" तिच्याच विळ्याने मी गवत कापले आणि तार उपटून काढली. ते रोप पुन्हा उगवले नाही. आता म्हातारपणी मेहरूण भागातल्या घरी मुलगा रोज सकाळी स्वतः माझ्या गुडघ्यांना तेल लावतो आणि कामावर जाताना, मी एकटा बाहेर पडून कोठे कोसळू नये म्हणून, दाराला बाहेरून कडी घालतो. कुंपण मीही काळजीपोटीच घातले होते.