लेकीच्या दाढांतली चांदी

लेकीच्या दाढा किडल्या त्या गुळानं. आमच्या रहिमतपूरच्या शिवारात गुऱ्हाळ लागलं की काकवीची वाटी घेऊन ती तिथंच मुक्कामाला. तिचे वडील फौजेत, त्यामुळे दहा वर्षांच्या पोरीला एसटीनं साताऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे मीच नेलं. त्यांनी विचारलं, "सिमेंट भरू की चांदी?" आमच्याकडे बाळाला गुटी चांदीच्या वाटीतनं चाटवतात, बारशाला चांदीचे वाळे येतात. मी लगेच म्हटलं, "चांदीच भरा." चार दाढा भरून झाल्या आणि पुढं महिनाभर आल्यागेल्या पाहुण्यापुढं मी तिला आ करायला लावलं. ती वैतागायची, मी मिरवायचे.

पुढं ती शिकली, सांगलीत नोकरीला लागली, लग्न होऊन विश्रामबागेत बिऱ्हाड थाटलं. पाच वर्षांत तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं आटोपलं. तपासण्या झाल्या, दोष कुठंच निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. कुणाकडं तरी बोट दाखवता आलं असतं.

बोट दाखवायची ती जागा मला मोबाइलवर सापडली. भिशीच्या गटावर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. दाढेत भरतात ती चांदी म्हणजे निम्मा पारा, आणि त्याची वाफ अंगात भिनते. मी चहाचा कप खाली ठेवला. वीस-बावीस वर्षं पोरीच्या तोंडात मीच हौसेनं विष ठेवलं होतं, असं वाटलं.

लगेच लेकीला फोन लावला. "चारी दाढांतली चांदी काढून टाकायची. एकाच दिवसात."

"आई, दुखत न्हाई, खुपत न्हाई. येवढी कसली घाई?"

"मी सांगते ते ऐक."

सांगलीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली ती नेमकी पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आम्ही घरात नवा झाडूसुद्धा आणत नाही. मी सांगितलं, घट बसल्यावर जाऊ. लेक हसली. "विष हाय म्हणतीस आणि पंधरा दिस थांबतीस व्हय?" मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. पण थांबलो.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेले. लेक खुर्चीत आडवी झाली, गळ्यात निळा कागद बांधला. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या. हातात अवजार घेता घेता त्यांनी विचारलं, "औषधं काही चालू आहेत? पाळी वेळेवर?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं, मग छताकडं बघत म्हणाली, "अकरा दिवस वर गेलेत. काल घरी तपासलं. दोन रेघा आल्या."

मला काहीच सांगितलं नव्हतं. मागं दोनदा मला आनंदानं सांगितलं होतं आणि दोनदा माझ्याच गळ्यात पडून रडली होती. "म्हटलं, आधी ही चांदी निघू दे, मग सांगते," ती म्हणाली. वरवर हसणाऱ्या पोरीच्या पोटात मी किती भीती घातली होती, ते मला तेव्हा समजलं.

बाईंनी अवजार ट्रेमध्ये परत ठेवलं. "मग आज काही करायचं नाही."

मी उठलेच. "आवं मॅडम, मग तर आजच काढा की! लेकरू हाय पोटात!"

"काकू, दाढेत घट्ट बसलेल्या चांदीतून वाफ निघते ती अगदी थोडी. कोरून काढायला लागलं की जास्त उठते. म्हणून या दिवसांत तिला हात लावायचा नाही. बाळंतपण होऊ दे, बाळाचं दूध सुटू दे, मग बघू. चिरलेली असेल ती काढू. चांगली असेल ती राहिली तरी बिघडत नाही."

"मीच भरायला लावली," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना. "ती दोन लेकरं माझ्यामुळं गेली."

बाईंनी मग स्टूल पुढं ओढलं. "बसा. आ करा." बॅटरीचा उजेड माझ्या तोंडात. "पाच आहेत तुमच्या. कधी भरल्या?"

माझे वडीलही फौजेतलेच. छावणीच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या दाढा भरून आणल्या होत्या. त्या कधीच्या विसरले होते. म्हटलं, "लगीन व्हायच्या आधी."

खुर्चीतनं लेक उठून बसली. गळ्यातला निळा कागद तसाच. "म्हंजे मी झाले तवा तुझ्या तोंडात पाच हुत्या की गं आई!"

"एकीवरून काही सिद्ध होत नाही हं," बाई घाईनं म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. पण लेकीनं माझा हात धरला होता आणि मला तेवढं पुरे होतं.

तिसरा महिना सरेपर्यंत फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. तो सरला. ज्येष्ठात आमच्याकडंच ती बाळंत झाली, मुलगी झाली. आता नात दहा महिन्यांची आहे. लेकीची एक दाढ कडेला जराशी चिरली आहे. परवा तिनं विचारलं, "आई, कवा जायचं मग?"

"दूध सुटू दे," मी म्हटलं.

"आता घाई न्हाई?"

"न्हाई."

ती मोठ्यानं हसली. तिच्या मांडीवरच्या नातीला आपल्या आईच्या उघड्या तोंडात काहीतरी चकाकताना दिसलं, आणि ते धरायला तिनं बोटं आत घातली. मी तिचा हात बाजूला केला नाही.