कुलवृत्तांत आणि डिस्कची वाटणी

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत अकरा वर्षं काकांच्या डोंबिवलीच्या घरी, त्यांच्या संगणकात तयार होत होता. काका मोजणी खात्यातून निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यावर त्यांनी पूर्वज मोजायला घेतले. कल्याण, ठाकुर्ली, पार खडवलीपर्यंत जाऊन म्हाताऱ्या नातेवाइकांकडून सात पिढ्या गोळा केल्या. अशा पुस्तकांच्या रिवाजाप्रमाणे सातही पिढ्या कर्तबगार निघाल्या. एकही पूर्वज आळशी नव्हता. आताची पिढी बघता हा चमत्कारच म्हणायचा.

संगणक मात्र थकला होता. बँकेची साइट उघडेना. नवा घ्यायला काका तयार नव्हते, कारण त्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर याच यंत्रावर चालायचं, आणि ते बसवून देणारा माणूस दुकान बंद करून कधीच निघून गेला होता. मी ठाण्याहून तोडगा घेऊन गेले: डिस्कचे दोन भाग करायचे. एकात जुनी विंडोज, पुस्तकापुरती. दुसऱ्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी नवी प्रणाली, बाकी सगळ्यासाठी. यंत्र चालू करताना यादी येते, हवं ते निवडायचं.

वाटणी म्हटल्यावर काका ताठ बसले.

"आज कब्जा कोणाचा आहे?"

"विंडोजचा."

"मग मोठा हिस्सा तिला. आणि मध्ये बांध सोड."

"काका, इथे बांध लागत नाही."

"असंच म्हणतात सगळे, आणि मग नातवंडं कोर्टात जातात. सोड."

मी दहा जीबीचा बांध सोडला. काकांनी कागदावर चतुःसीमा लिहिल्या, खाली माझी सही घेतली आणि साक्षीदार म्हणून काकूला स्वयंपाकघरातून हाक मारली. काकू कणकेचे हात घेऊन दारात आली. "काही बुडालं तर मी पाहिलेलं नाही," असं सांगून परत गेली.

"बॅकअप आहे ना?" मी विचारलं.

"तीन प्रती," काका म्हणाले. सरकारी नोकरी केलेल्या माणसाने तीन प्रती म्हटल्यावर मी पुढे विचारलं नाही. चूक इथे झाली.

तासाभराने यंत्र पुन्हा चालू केलं, तर यादीबिदी काही न येता सरळ लिनक्स उघडली. विंडोजचा पत्ताच नाही.

"काका, त्या तीन प्रती कुठे कुठे आहेत?"

"सी, डी आणि डेस्कटॉप."

म्हणजे तिन्ही त्याच डिस्कवर, जिच्यावर मी नुकतीच सुरी चालवली होती.

शोधल्यावर पुस्तकाची फाइल दिसली. उघडली. मूळ पुरुषाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. जुन्या मराठी फॉन्टचं हेच असतं. फॉन्ट नसला की खालचा इंग्रजी सांगाडा उघडा पडतो. मी हे आत्मविश्वासाने समजावलं. तो आत्मविश्वास माझ्याकडे नव्हता. सोमवारी पुस्तक छापखान्यात द्यायचं होतं, आणि विंडोज परत आली नाही तर हा सांगाडाच छापावा लागणार होता.

काकूने मागून डोकावून पाहिलं. "बरंय की. निदान कोणी चुका काढणार नाही."

काका हसले नाहीत. "खडवलीची आत्या गेली," ते म्हणाले. "कल्याणचे दोघेही गेले. आता कोणाला विचारू?"

त्यांनी वही काढली आणि आठवून लिहायला लागले. तिसऱ्या पिढीपाशी पेन थांबलं.

"दुसरा भाऊ दत्तक गेला," स्वयंपाकघरातून आवाज आला. "धाकटा वकील. त्यांच्यामधला नाटक कंपनीतल्या बाईबरोबर पळाला."

"तसं काही नाही. व्यवसायानिमित्त देशावर स्थायिक झाला."

"ते तुम्ही लिहिलंत. आत्यांकडून आलात तेव्हा मला वेगळं सांगितलं होतंत."

अकरा वर्षं काका दुपारच्या चहाला काकूला पानं वाचून दाखवायचे आणि काकू ऐकत नाही अशी तक्रार सगळ्या घराण्यात करायचे. काकूला सातही पिढ्या पाठ होत्या. पुस्तकातून वगळलेला मजकूर तर जास्तच पाठ होता. ती सांगत गेली, काका लिहीत गेले, अधूनमधून "हे नको" म्हणत तेही लिहीत गेले.

तोवर मोबाइलवर शोधून मला माझी राहिलेली पायरी सापडली: जुनी प्रणाली कुठे आहे हे नव्या प्रणालीला शोधायला सांगायचं असतं. एक ओळ टाइप केली, यंत्र पुन्हा चालू केलं. यादीत दोन नावं. विंडोज उघडली, पुस्तक उघडलं, मूळ पुरुष जागेवर होता. काकांनी सगळी पानं शेवटपर्यंत पाहिली आणि चष्मा बराच वेळ पुसला. मी आधी एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकली.

"माझ्या नावापुढे काय लिहिलंय?" काकूने विचारलं.

काकांनी पान काढलं. माहेरचं आडनाव आणि पुढे 'सुगृहिणी'. काकूने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय.

"सगळ्याच सुनांना तेच लिहिलंय," काका म्हणाले. "एकसारखेपणा राहतो."

काकू माझ्याकडे वळली. "अगं, त्या दुसऱ्या भागात मराठी लिहिता येतं?"

"येतं."

"मग तो भाग माझा."

पुस्तक वेळेवर छापून झालं. संमेलनात शाल, नारळ, भाषणं झाली. एका वक्त्याने घराण्याच्या तेजाचा तीनदा उल्लेख केला. महिन्याभराने दुपारी मी काकांकडे गेले. काकू भाजीला गेली होती. काका संगणकासमोर होते आणि पडद्यावर काकूची लिनक्स होती. मला पाहून त्यांनी खिडकी बंद करायचा प्रयत्न केला, पण बटण कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं.

"त्या नाटकवाल्या बाईचं पुढे काय झालं, ते हिने लिहिलंच नाही," काका म्हणाले. "तू विचार तिला. मी विचारलंय असं सांगू नकोस."