मोर देवाचा, माठ कुणाचा

ओठांवर तर्जनी आणि तोंडात ‘शूऽऽ’. दुसऱ्या हातात तांदळाची वाटी. शेजारचे काका आठवले की मला असेच दिसतात. पाहुण्यांना मोर दाखवताना सगळ्या जगाने गप्प बसावं अशी त्यांची अपेक्षा असे. त्या जगात दगडी गडग्यापलीकडे भाजी तोडणारी माझी आईही आली.

आधी आमचं सांगते. बाबा रेडीच्या बंदरात खनिज भरायच्या कामावर होते. ते काम बंद पडलं आणि बाबा घरी बसले ते बसलेच. मग भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत आई जो मळा करायची, त्यावर घर चाललं. लाल माठ, मुळा, वालीच्या शेंगा. पहाटे जुड्या बांधायच्या, भाजीने भरलेला हारा डोक्यावर घ्यायचा आणि शिरोड्याच्या बाजारात जाऊन बसायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ती पायरी माठाची होती, हे मी कुठेही सांगते. लाज कसली?

काका मुंबईच्या कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन आले. आमच्या मळ्याला लागून बंगला बांधला, पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आणि फाटकावर पाटी लावली, ‘मयूरवन’. मोर आमच्याकडे काही काकांनी आणलेले नाहीत. काजूच्या डोंगरात फिरायचे, वाळवी टिपायचे, कधी माठाला चोच मारून जायचे. आईने डबा वाजवला की पळायचे. काका रोज सकाळी तांदूळ टाकू लागले आणि दोनाचे बारा झाले. सुका तांदूळ खाऊन झाला की त्यांना हिरवं लागे. मग गडग्याच्या ढासळलेल्या भागातून सगळी पंगत आमच्याकडे.

पाहुण्यांशी काका छापील मराठीत बोलत. “आमच्याकडे माणूस आणि मोर यांचं सहजीवन आहे.” सहजीवन हा त्यांचा लाडका शब्द. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याचं सहजीवन कायम दुसऱ्याच्या ताटात चालतं.

आई तक्रार घेऊन गेली तेव्हा मात्र काका मालवणीवर उतरले.

“मोर काय माजे आसत? देवाचो पक्षी तो.”

“मोर देवाचो, मगे माठ काय भुताचो?”

“दगडबिगड मारशात तर याद राखा. शेड्यूल वन! तुरुंगात जाशात.”

आईला शेड्यूल वन, म्हणजे वन्यजीव कायद्यातली सर्वांत कडक संरक्षणाची यादी, कळलं नाही, तुरुंग कळला. त्या दिवसापासून तिने डबा वाजवणंही सोडलं. वाफेच्या वाफे दांडे होऊन उभे राहिले. बाजारात तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच बाई बसू लागली. वाडीतल्या एकाने विष लावलेले तांदूळ टाकायचा सल्ला दिला. आईने तो उडवून लावला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी आले होते. म्हटलं, “आई, आठ दिवस दे माका.”

“बी.एस्सी. झालंस ती मोर राखूक?”

“व्हय.”

आठ दिवस पहाटे आंब्याखाली वही घेऊन बसले. एक गोष्ट लक्षात आली. मोर मळ्यात उडून येत नाहीत, चालत येतात. तेच भगदाड, तीच वेळ. म्हणजे वाट बंद करायची आणि वरून उतरायला मोकळी जागा ठेवायची नाही. शिरोड्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या रापणीचं टाकून दिलेलं जाळं मिळालं. किनाऱ्यावर वाळत घालतात तसं ते मी मळ्याभोवती सैल टांगलं. जाळं म्हणजे तसंच टांगायचं, हे लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं.

दुसऱ्याच सकाळी त्यात लांडोर अडकली. जितकी ओढी तितका तिचा पाय गुंतत होता. आईने अंगावरचा टॉवेल तिच्या डोळ्यांवर टाकून तिला धरलं आणि मी विळ्याने एकेक धागा कापत बसले. काका गडग्यापलीकडेच उभे होते. मदतीला आले नाहीत. मोबाइल धरून होते.

“रेकॉर्ड होतंय सगळं,” छापील मराठीत म्हणाले.

सुटलेली लांडोर लंगडत चार पावलं गेली आणि उडाली. त्या क्षणी काकांबद्दल माझ्या मनात काय आलं ते लिहिण्यासारखं नाही.

पण चूक माझी होती. पदवी माझी, तशी चूकही माझीच. जाळं पुन्हा लावलं. या वेळी बांबूचे खुंट ठोकून, ढोलाच्या कातड्यासारखं ताणून, खालची कड मातीत पुरून. वाफ्यांवरून सुंभाच्या आडव्याउभ्या दोऱ्या ओढल्या आणि मोरांना दिसाव्यात म्हणून त्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या. गडग्याचं भगदाड बाबांनी चिरे रचून बुजवलं. कितीतरी महिन्यांनी बाबांनी काहीतरी हातात घेतलं होतं.

मोर तांदूळ खाऊन आले, गडग्यावर चढून जाळ्यापाशी थांबले, माना वाकड्या करून बघितलं आणि परत फिरले. परत कुठे? काकांच्या बागेत. तिथे अबोली होती, झेंडू होता, पाहुण्यांच्या सॅलडसाठी लावलेला पाला होता. चार दिवसांत अबोलीचे नुसते दांडे राहिले. पाचव्या दिवशी काका फटाक्यांची माळ घेऊन अंगणात आले.

मी गडग्यावरून मोबाइल उंच धरला. “काका, शेड्यूल वन!”

आई मळ्यात बसून हसली. चांगली मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी काका गडग्याशी. छापील मराठी पार उतरलेली. “काय गो चेडवा, ता जाळा खंय गावता?”

“जाळं मी देते. आधी ती वाटी बंद करा.”

“मगे पावणे कित्याक येतले?”

“मग अबोली विसरा.”

पाय आपटत गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, वाटी न घेता. जाळं लावायला मीच गेले. पुन्हा एखादी लांडोर अडकू नये म्हणून गेले, काकांसाठी नव्हे. त्यांना खुंट ठोकता येईना, बांबू धरता येईना. गाठी मात्र एकसारख्या, घट्ट, सुबक. फायली बांधून बांधून बसलेला हात.

आई म्हणाली, “कचेरीत ह्याच शिकलात काय इतकी वर्सां?”

“ह्याच,” काका म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलले असावेत.

एक गोष्ट लपवत नाही. आंब्याखाली बसायचे तेव्हा, पाहुणे उठायच्या आधी, काकांचा आवाज ऐकू यायचा. “येवा रे, येवा. काल खंय होतात? जेवलात काय?” वाडीत कुणाच्या ओटीवर न बसणारा हा माणूस मोरांची विचारपूस करायचा, तीही मालवणीत. एकटेपण खरं असेल. पण एकट्या माणसाने सोबतीची किंमत स्वतःच्या बागेतून द्यावी. माझ्या आईच्या मळ्यातून का?

तांदूळ बंद झाल्यावर मोर काही दिवस त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. काका व्हरांड्यात खुर्चीत बसून बघत असत. हात मांडीवर, ओठांवर तर्जनी नाही. मग मोर काजूच्या डोंगरात परत गेले आणि त्यांच्यामागून पाहुणेही गेले. यंदा पाऊस संपताना काका मुलाकडे मुंबईला निघाले. गडग्याशी थांबले, आपल्या जाळ्याची एक गाठ ओढून पाहिली आणि गेले.

बंगल्याला कुलूप आहे. पाटी वाकडी झाली आहे. वाटी व्हरांड्यात उपडी पडलेली आमच्याकडून दिसते. बागेत राखायला काही उरलेलं नाही, तरी जाळं ताठ उभं आहे. त्यांची एकही गाठ सुटलेली नाही.

आई बाजारात आपल्या जुन्या जागेवर परत बसते. यंदा मळ्यातला सगळा माठ, पहिल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत, तिने स्वतःच्या हाताने काढला. एकही मोर मेला नाही.