खेकड्याच्या बरणीतली चिठ्ठी

मंडळी, आज डोकं फिरलंय. घरी कुणाशी धड बोलले नाही, म्हणून इथं लिहितेय.

सोलापुरात आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं छोटं म्युझियम आहे. तिथल्या एका बरणीतला बारका खेकडा मला इथंच शिकवणाऱ्या बाईंनी कोकणच्या अभ्यास सहलीत पकडला होता. मी त्याचा फोटो एका संशोधकांना पाठवला. ते म्हणाले, "ही जात नवीन असू शकते. बरणी चिठ्ठीसकट पाठवा."

ही चिठ्ठी बरणीच्या आतच असते, पेन्सिलीनं लिहिलेली. कुठल्या किनाऱ्यावर, कधी, कुणाला सापडला, सगळं त्यावर. ती नसेल तर संशोधकाला त्या खेकड्याचा काही उपयोग नाही.

आज बरणी घ्यायला गेले, तर सगळ्या बरण्या लखलखीत! आत एकही चिठ्ठी नाही.

"लई पिवळ्या पडल्या होत्या की मॅडम," लॅबचे मामा म्हणाले. "कॉलेज तपासायला कमिटी येणार हाय, घाण दिसतंय, फेका, असं सरच म्हणले."

मी तडक विभागप्रमुखांकडे गेले. सर हसले. "एवढं काय त्यात? नवीन लिहून टाका ना."

काय लिहू? कुठला किनारा लिहू? ज्यांना ठाऊक होतं, त्या बाई आता या जगात नाहीत.

बरणीवर आता रंगीत लेबल आहे. त्यावर एकच शब्द छापलाय, 'खेकडा'.

तेवढं तर माझी चार वर्षांची लेकपण सांगते. मग आपण कॉलेज कशासाठी चालवतो?