डीडीटीच्या डब्यातली रांगोळी

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. तुम्ही म्हणाल, ढेकणांची तर गोष्ट, त्यात लपवायचं काय? — थांबा जरा. सांगते.

आमचं माळ्याचं घर, वलगावचं. वांगी, मिरच्या, झेंडू — बैलबंडी भरायची आणि अमरावतीचा बाजार गाठायचा. घरात अकरा माणसं, झोपायला नऊ बाजा, आणि ढेकूण किती ते विचारूच नका! उन्हाळ्यात भर दुपारी बाजा अंगणात ओढायच्या, त्यांवर उकळतं पाणी ओतायचं, हेच आम्हा बायकांच्या नशिबी. मग दुसरं महायुद्ध संपलं, आणि माझे थोरले दीर बाजारातून डीडीटीचा डबा घेऊन आले. पांढरी पूड. बाजेच्या सांध्यांत भुरभुरली, अन् सकाळी खाली ढेकणांचा नुसता सडा! सासूबाई जन्मात पहिल्यांदा उन्हं वर येईस्तोवर घोरत पडल्या. मी आणि माझी थोरली जाऊ गोदाबाई — दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. काय दिवस होते हो!

घराच्या किल्ल्या गोदाबाईंच्या कमरेला. डबाही त्यांच्याच कोठीत. पण पूड घालायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "तुह्या हाताले बरकत हाये वं," म्हणाल्या.

आणि मी काय केलं? — धामणगावला माहेरी निघाले, तेव्हा निम्मी पूड फडक्यात बांधून नेली. गरज होती? छे! मिरवायचं होतं. गल्लीतल्या बाया बाजा घेऊन माझ्या दारात, अन् मी डॉक्टरीण! इतकी मजा मला कधी आली नाही, खोटं कशाला बोलू? परत आल्यावर डब्यात रांगोळी मिसळली. पांढऱ्यात पांढरी — कोणाला कळतंय? पुढच्या डब्याचं तेच. त्याच्या पुढच्याचंही.

तिसऱ्या उन्हाळ्यात ढेकूण मरेनात. अंगाला पीठ लावल्यासारखे, पण ऐटीत फिरायचे मेले! सासूबाईंनी चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली. रांगोळीची कचकच लागली.

"काहून वं गोदे, डबा पुरवाले रांगोळी टाकली काय?"

गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही हो — मी त्यांच्या बाजूनं बोलेन म्हणून. मी काय केलं? बाजेची सुंभं मोजत बसले. त्याच दुपारी किल्ल्या त्यांच्या कमरेवरून निघाल्या आणि माझ्या कमरेला आल्या. आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं.

मग मी चोख डबा आणवला, ओंजळीनं पूड घातली. तरी ढेकूण तसेच! आता माझी नात अकोल्याला शेतकी शिकते. ती सांगते, औषधानं नाजूक मरतात, चिवट उरतात, आणि पुढे घर भरतं ते चिवटांच्याच पिलावळीनं. औषधाचा जोर कमी केला की त्यांचं फावतंच. वर म्हणते, आजी, चोख पूड असती तरी हे कधीतरी झालंच असतं. असेल. पण रांगोळी तर मीच टाकली ना?

आम्ही दोघी अजून एका ओसरीवर हार ओवतो. चेष्टामस्करीही तीच. घरात ढेकणांचा विषय निघाला, की पोरंसोरं गोदाबाईंकडे बघून डोळे मिचकावतात. "म्या नाही टाकली वं रांगोळी!" त्या दर वेळी हसत म्हणतात. सगळं घर हसतं, आणि इतकी वर्षं त्यात मीही हसत आले.

त्यांना आता अक्षर दिसत नाही. हा कागद नात त्यांना वाचून दाखवणार आहे, सगळ्या घरासमोर.

जाऊबाई, रांगोळी मी टाकली होती. किल्ल्या तुमच्या उशाशी ठेवल्या आहेत.