पऱ्हाटीचा ख्रिसमस ट्री

ख्रिसमस ट्रीचं नाव काढलं की माझं डोकं आजही तापतं. आमच्या सात पिढ्यांत कुणी नाताळ केला नव्हता. पण शेलूबाजारच्या पुढे हायवेवर इंग्रजी शाळा निघाली, आम्ही हौसेनं पोरीला पहिलीत घातलं आणि डिसेंबरात नाताळ घरी आला. कार्यक्रमासाठी वर्गाला एक झाड हवं, कोण आणणार, असं मॅडमनं विचारलं. आमच्या पोरीनं हात वर केला.

हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. जूनपासून ती त्या वर्गात एक शब्द बोलली नव्हती. घरी तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, पण वर्गात मराठी बोलायचं नाही म्हटल्यावर तिनं बोलणंच सोडलं. दोनदा मॅडमनं मला बोलावून विचारलं होतं, हिला नीट ऐकू येतं ना? दोन्ही वेळा मी मान खाली घालून परत आले होते. आणि तीच पोरगी उभी राहून "मी आणीन" म्हणाली. मॅडम रागावल्याही नाहीत. संध्याकाळभर ती अंगणात उड्या मारत होती. मी ठरवलं, आता काही होवो, झाड जाणार.

नवरा शेलूबाजार ते कारंजा जीप चालवतो. त्याला मोबाइलवर चित्र दाखवलं, दहादा बजावलं. कारंज्याहून त्यानं प्लास्टिकचं झाड आणलं खरं, पण खोकं उघडलं तर आत एक चपटा हिरवा फडा.

"याच्यावर काय ठेवलं होतं?" मी विचारलं.

"ढेपेचे पोते. पाशिंजरनं ठेवले वर."

"अन् तुमी पाहून राह्यले होते?"

"मी गाडी चालवू का झाड सांभाळू?"

ढोरांना घालायची ढेप पोरीच्या झाडावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाला मी जेवण संपेपर्यंत बोलत होते, आणि तो पुढ्यातला पापड मोडत मुकाट जेवत होता. त्याच्या या मुकाटपणाचाही मला राग आहे. पोरीनं तो त्याच्याकडूनच घेतलाय असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी फांद्या सरळ करत बसले. तुराटी बांधली, चिकटपट्टी लावली. झाड उभं राहायचं आणि माझी पाठ वळली की कमरेतून वाकायचं. "मम्मी, ते झोपलं," पोरगी हसली, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सासूबाई तेवढ्यात कापूस वेचून आल्या. त्यांनी मोबाइलमधलं चित्र हातात घेऊन लांब धरून पाहिलं.

"याच्यावर हे पांढरं काय व्हय?"

"बर्फ," पोरगी म्हणाली.

"मंग आपल्या वावरात कमी हाये का?"

सकाळी त्यांनी बांधावरची कपाशीची एक पऱ्हाटी मुळासकट उपटून आणली. कमरेइतकी उंच, फांद्या चारी बाजूंनी सारख्या, आणि प्रत्येक फांदीवर फुटलेली बोंडं. तेलाच्या पिप्यात काळी माती भरून ती रोवली, तेव्हा खोटं कशाला बोलू, मलाही ती चित्रातल्या झाडापेक्षा चांगली दिसली. बैल विकल्यापासून पोळ्याचा साज पेटीत पडून होता. त्यातले गोंडे काढले, बेगडाच्या पट्ट्या कापल्या, शेंड्यावर पुठ्ठ्याचा तारा बसवला. घरात काही नवं आलं की सासूबाई हळदीकुंकू लावल्याशिवाय त्याला हात लावू देत नाहीत. जीपला लावलं, फ्रिजला लावलं, तसं ख्रिसमस ट्रीलाही लावलं. वर नारळ फोडला.

"पुजेलं झाड हाये," त्यांनी नातीला बजावलं. "काम झालं का वापस आणजो. कोनाच्या पायात येऊ देजो नको."

शाळेच्या हॉलमध्ये आयांना बसायला खुर्च्या होत्या. पुढे पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर आमची पऱ्हाटी, भोवती मोठे दिवे. शेजारी पोरगी छाती काढून उभी. मॅडम "व्हेरी नाइस" म्हणाल्या. ती माझ्याकडे बघून हसली.

मग दिव्यांची ऊब लागली आणि बोंडांतून अळ्या बाहेर पडायला लागल्या. एक, दोन, मग मोजता येईनात. पांढऱ्या चादरीवर गुलाबी अळ्या. डिसेंबरातल्या कापसात बोंडअळी असते हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं? वेचणीला ती रोज हातावर चढते, आम्ही झटकतो आणि पुढचं बोंड धरतो. इतकी रोजची की आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकालाही आठवली नाही. पोरं किंचाळली, एका बाईनं पाय खुर्चीवर घेतले.

"काय आणलंत तुम्ही हे? शाळेत किडे?" मॅडम माझ्यावर ओरडल्या. शिपायानं पऱ्हाटी पिप्यातून उपटली आणि दाराकडे निघाला.

तेव्हा पोरगी बोलली. साऱ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

"मॅडम, फेकू नका. पुजेलं झाड हाये ते."

सगळे हसले. आयाही हसल्या, ज्यांच्या घरी असंच बोलतात त्यासुद्धा. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला तासभर झोडपणारी मी, सहा वर्षांच्या पोरीला धपाटा घालणारी मी. आता आई बोलेल, एवढंच तिच्या तोंडावर होतं. मी उभी राहिले.

"सॉरी मॅडम," मी म्हणाले.

मग तिचा हात धरून बाहेर आले. शिपायानं पऱ्हाटी कंपाउंडपलीकडे नालीत भिरकावली, ती आम्ही दोघींनी पाहिली. मी थांबले नाही.

घरी येऊन मात्र मी सगळं घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंना म्हटलं, "कायले देल्ली ती पऱ्हाटी? पोरीचं हसू झालं."

त्यांनी एवढंच विचारलं, "वापस आणली का?"

त्यांनी चपला घातल्या, हायवेपर्यंत चालत गेल्या आणि चिखलानं भरलेली पऱ्हाटी घेऊन आल्या. हापशावर धुऊन ती वावरात नेऊन ठेवली. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचाही राग आला.

फेब्रुवारीत पालकसभा होती. मॅडम खूश दिसत होत्या. मी खाली बघतच बसले होते.

"तुमची मुलगी आता बोलायला लागली हो," त्या म्हणाल्या. "काहीही विचारलं तरी लगेच उभी राहते आणि म्हणते, सॉरी मॅडम."