आप्पेपात्रातले स्क्रू

हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ना डहाणूचे, ना आमच्या नात्यातले. म्हणून जीभ जरा सैल होतेय.

माझ्या थोरल्या जाऊबाई, मालतीताई, कोसबाडकडच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांच्याकडे एक जाडजूड लॅपटॉप होता. २०१४ साली घेतला, तोही कुणीतरी आधी वापरलेला. मी त्याला पाटा म्हणायचे. वरवंटा तेवढा आणायचा राहिलाय, असं चिडवायचे. त्या हसायच्या आणि कामाला लागायच्या. बॅटरी बसली की नवी बॅटरी घालायच्या. हळू चालायला लागला तेव्हा रॅम वाढवली. बटणं गेली तर अख्खा कीबोर्ड मागवून जेवणानंतर स्वतःच्या हातांनी बसवला. माझा चकचकीत, पातळ लॅपटॉप बिघडला तेव्हा दुकानदार म्हणाला, हा उघडतच नाही, नवा घ्या! ताईंचा मात्र दर वर्षी आणखी तरणा व्हायचा. कौतुक वाटायचं हो मला — खोटं कशाला बोलू? आणि जळफळाटही व्हायचा. कासा, सायवनहून लोक आपापले लॅपटॉप घेऊन यायचे, ओसरीवर ताईंना गराडा घालायचे. मी आत चहा करायचे.

तर — कसं सांगू? — ताईंची एक पद्धत होती. लॅपटॉप उघडला की स्क्रू आप्पेपात्रात ठेवायच्या. एका जागेचे एका खळग्यात, दुसऱ्या जागेचे दुसऱ्यात. कुठला लांब, कुठला बुटका. फरक तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही. त्या दिवशीही लॅपटॉप उघडा टाकून त्या शाळेत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पात्राला हात लावू नकोस गं."

मी लावला. संजाणहून नणंदेच्या सासरची माणसं अचानक आली आणि मला आप्पे करायची हौस आली. पोहे नव्हते का घरात? होते की. पण स्क्रूच ते, असं म्हणून वाटीत ओतले. पात्र घासलं, आप्पे केले, पाहुण्यांनी बोटं चाटली. मग पात्र कोरडं पुसून स्क्रू अंदाजाने खळग्यांत वाटून टाकले. ताईंना सांगायला हवं होतं. पण पाहुण्यांसमोर कसं सांगायचं — आणि पाहुणे गेल्यावर?

संध्याकाळी ताईंनी नेहमीसारखा, खळग्यांवर विश्वास ठेवून लॅपटॉप जोडला. लांब स्क्रू बुटक्याच्या जागी गेला आणि आत मदरबोर्डात रुतला. लॅपटॉप सुरूच होईना. वापीच्या दुकानात नेला, तिथल्या माणसाने तो स्क्रू काढून तळहातावर धरला आणि विचारलं, कोणी लावला? "मीच," ताई म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

दुसऱ्या जुन्या लॅपटॉपचा बोर्ड घातला आणि पाटा पुन्हा चालू झाला. जातच चिवट त्याची! ताईंनी मात्र स्क्रूड्रायव्हर उचलून ठेवला तो कायमचा. हाताचा भरवसा राहिला नाही म्हणायच्या. मी रोज ठरवायचे, उद्या सांगीन. ओसरी हळूहळू रिकामी झाली. आणि मला — हे सगळ्यात वाईट — थोडं बरंही वाटलं.

२०१९ मध्ये कासाच्या एक नर्सबाई बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आल्या. ताईंनी तो मांडीवर घेतला, मागून पुढून पाहिला, झाकणावरून हात फिरवला आणि परत दिला. "नवीनच घ्या हो," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलायचं ना? मी चहाचा कप पुढे केला आणि म्हणाले, "ताईंचं वय झालं आता. हात थरथरतात."

ताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि मान डोलावली. हात जराही थरथरत नव्हते.